मधले थांबे

टण्ण!

ओट्यावर निथळत ठेवलेल्या भांड्यांतून एक चमचा घसरला आणि फरशीवर दोन उड्या मारून गप्प झाला. दुपारच्या सुन्न घरात तो आवाज शाळेच्या घंटेसारखा घुमला. ती होती तशीच थिजली. एक हात लॅपटॉपवर, दुसऱ्या हातात कानाला लावलेला फोन, आणि सगळा जीव आतल्या खोलीच्या दाराशी. आता "आईऽऽ" येणार.

नाही आलं. भिंगरीनं कूस बदलली, नाकातून घूं केलं आणि पुन्हा झोपेत बुडाली.

भिंगरी म्हणजे तिची चार वर्षांची लेक. पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण एका जागी टिकेल तर शपथ, म्हणून घरीदारी भिंगरीच. ही भिंगरी थांबली की आईचा दिवस सुरू व्हायचा आणि फिरायला लागली की संपायचा. काल पाळणाघरातून अंग तापलेलं घेऊनच आली होती. आज ताप उतरला होता, पण झोप जड होती. तेवढाच वेळ हाताशी.

"हॅलो? टपालताई, आहात ना?" फोनमधून वायरमामांचा आवाज आला.

"आहे, आहे. चमचा पडला."

"मला वाटलं तुम्हीच पडलात."

"हळू बोला हो मामा. पोरगी उठेल."

"मी काय तिच्या उशाशी बसून बोलतोय?" असं म्हणत त्यांनी आवाज मात्र खाली आणला. वायरमामा तिच्या ऑफिसातले संगणक सांभाळायचे. खांद्यावर सदैव वायरींचं भेंडोळं, खिशात पेचकस आणि तोंडात टोमणा. "हं, बोला. अडलंय कुठं?"

"एक जाड पत्र आहे. उतरतच नाहीये."

"कुणाचं? साहेबांचं?"

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे."

मामांनाही ते नवीनच असावं. आठवडाभर ऑफिसातल्या प्रत्येकाची जाड पत्रं उतरवून देणाऱ्या या बाईला स्वतःचंही एखादं पत्र येत असेल, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तसं तिच्याही कुठं आलं होतं?

माल इकडून तिकडे पोचवणाऱ्या एका कंपनीच्या शाखेत ती टपाल सांभाळायची. पूर्वी पाकिटं यायची, आता ईमेल यायची, पण खात्याचं नाव टपालच राहिलं आणि तिचं टपालताई. मुख्य ऑफिसात एक मोठं मशीन होतं. सगळ्यांची पत्रं आधी तिथं येऊन पडायची, मग शाखेतले संगणक ती बारीकशा लाइनवरून खाली ओढून घ्यायचे. लाइन इतकी बारीक, की एखादं फोटोंनी गच्च भरलेलं पत्र मध्ये अडकलं की मागची सगळी खोळंबायची. म्हणून मर्यादा घातलेली होती. त्याहून मोठं पत्र आलं की त्याचा नुसता मथळा आणि पहिल्या दोन ओळी खाली यायच्या, बाकीचं धड वरच्या मशीनमध्येच राहायचं. आणि खाली तीन बटणं यायची. उतरवा. राहू द्या. पुसा.

तिचा अर्धा दिवस या तीन बटणांत जायचा. गोदामवाल्यांचे फुटलेल्या खोक्यांचे फोटो असले की उतरवा. कुठल्यातरी दुकानाच्या जाहिराती आल्या की पुसा. आणि रोखपालबाईंच्या भाचीच्या नाचाचा व्हिडिओ आला की, "बाई, संध्याकाळी लाइन मोकळी झाली की बघू हं," असं म्हणून राहू द्या.

आता ते जुनं मशीन मोडीत निघत होतं. आज ऑफिस सुटायच्या वेळेला ते बंद होणार, आणि उद्यापासून नवं. नवं मशीन जुन्यातली पत्रं उचलून घेणार होतं, पण मर्यादेच्या आतली तेवढीच. 'राहू द्या' म्हणून वर राहिलेली जाड पत्रं मशीनबरोबर जाणार होती. म्हणून तर आठवडाभर ती एकेकाच्या खुर्चीशेजारी उभी राहून "हे हवंय का? आणि हे?" करत होती. भाचीचा नाच उतरवताना लाइन सात वेळा तुटली, आणि सातही वेळा रोखपालबाई "आता काही नको गं, जाऊ दे" म्हणत तिथंच उभ्या राहिल्या. स्वतःची पेटी तिनं शेवटच्या दिवसावर ठेवली होती. आणि शेवटच्या दिवशी लेकीच्या तापामुळं घरी बसावं लागलं.

आज सकाळी घरच्या लॅपटॉपवर तिनं ती पेटी उघडली. वर राहिलेलं एकच पत्र होतं. मथळा 'भिंगरीसाठी'. पाठवणारे, बाबा. खाली पहिली ओळ, 'लक्ष द्या, लक्ष द्या. सोबत आवाज जोडला आहे.' आणि त्याखाली तिनंच दाबलेलं बटण, राहू द्या.

"मामा, तुम्हीच तिकडून काढून नाही का देता येणार?"

"मशीन मुख्य ऑफिसात, कुलूप त्यांचं, आणि बंद करायची वेळ त्यांनी कालच लावून ठेवलीय. मी इथं दवाखान्याच्या बाकावर बसलोय, सासूबाईंचा गुडघा घेऊन. तोही उतरत नाहीये जिना." मग त्यांचा आवाज बदलला. "ऐका. पहिलं, ती मर्यादा काढून टाका. नाहीतर पुन्हा डोकं खाली आणि धड वर. दुसरं, 'किती वेळ वाट पाहायची' असा एक रकाना असेल, तो शेवटपर्यंत ओढा. तुमचा प्रोग्राम अधीर आहे, जरा काही आलं नाही की उठून चालायला लागतो. तिसरं, अधूनमधून आपोआप टपाल बघायला जातो ना, ते बंद करा. सापडलं?"

"सापडलं."

"इंटरनेट कुठून घेताय?"

"याच फोनवरून."

"झालं! मग हा फोन ठेवा आधी. तुमच्याकडं साधा फोन चालू असला की नेट जातं, आणि व्हिडिओ असला की तो सगळं नेट एकटाच खातो. आणि मध्येच कुणाचा आला तर पहिल्या रिंगलाच कापायचा. लगेच कापलात तर लाइन धाप टाकते आणि पुन्हा चालू होते. उचललात की मेली."

"आणि अर्धं उतरलेलं?"

"अर्धं विसरा. जिथं सोडलं तिथून नाही, पुन्हा पहिल्यापासून. हट्टी असतं ते." ते थांबले. "बाबांचं आहे का?"

"हो."

"बरं मग. ठेवतो. उशीर नका करू."

बाबा एका बसस्थानकावर उद्घोषक होते. आयुष्यभर एका काचेच्या खोलीत बसून त्यांनी गाड्या सांगितल्या. त्यांचा आवाज तसा काही गाणाऱ्याचा नव्हता, पण स्वच्छ होता. धुतलेल्या काचेसारखा. गर्दीत, धुरात, विक्रेत्यांच्या आरड्याओरड्यात प्रत्येकाला वाटायचं की हा माणूस मलाच सांगतोय. आई दवाखान्यात रात्रपाळीला असायची, म्हणून लहानपणी तिच्या कित्येक संध्याकाळी त्या काचेच्या खोलीतल्या बाकावर गेल्या होत्या. फलाट, गाडी, वेळ, धन्यवाद. ऐकता ऐकता डोळे मिटायचे. बाबांच्या पाठीमागे एक कपाटही होतं, लोकांच्या विसरलेल्या वस्तूंचं. छत्र्या, डबे, एकदा तर कवळी. "कवळी कशी काय विसरतात हो, बाबा?" तिनं विचारलं होतं. "बोलायचं काही उरलं नसेल," बाबा म्हणाले होते, आणि दोघं पोट धरून हसली होती.

मागच्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात बाबांनी संगणकासमोर बसून नातीसाठी काहीतरी बोलून ठेवलं आणि ते लेकीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलं. ते हे जाड पत्र. पुढं बाबांचा संगणकच बिघडला, त्यामुळं दुसरी प्रत कुठं नव्हती.

आणि वरच्या मशीननं त्यांना ताबडतोब सूचना पाठवली.

ती सूचना हिनंच लिहिलेली. मूळची इंग्रजी कुणाला धड कळायची नाही, म्हणून साहेब म्हणाले होते, "आपल्या भाषेत लिहा, आणि जरा गोड लिहा." तिला लिहायचं होतं, लहान आकारात पाठवावा. पण रोखपालबाई म्हणाल्या, "आकार नको गं. आमचे मेहुणे अक्षरं बारीक करून पाठवतील, ओळखते मी त्यांना." म्हणून मग तिनं लिहिलं: 'आपला संदेश ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे. कृपया थोडक्यात पाठवावा. आपली आभारी, टपाल विभाग.'

थोडक्यात. सगळ्यांना तो शब्द आवडला होता.

बाबांनी त्या सूचनेला उत्तर धाडलं, थेट टपाल विभागाला: 'मा. महोदया, सूचना मिळाली. थोडक्यात पाठवतो. तसदीबद्दल क्षमस्व.' मशीनची माफी मागणारा माणूस! ते वाचून ती इतकी हसली होती, की अख्ख्या ऑफिसाला दाखवत फिरली होती. दुसऱ्याच दिवशी त्याच मथळ्याचं छोटं पत्र आलं आणि सरळ खाली उतरलं. म्हणजे बाबांनी तेच बारीक करून पाठवलं, असं समजून तिनं जाड्याला 'राहू द्या' म्हटलं. त्यानंतर आठवडे दवाखान्यातच गेले.

ते छोटं पत्र भिंगरी रोज झोपताना ऐकायची. तिला ते पाठ होतं. तोंडाशी मूठ धरून, छाती काढून म्हणायची, "लक्ष द्या. भिंगरीच्या झोपेकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे. गाडी जलद असून मधले थांबे घेणार नाही. धन्यवाद."

बस, एवढंच. आणि रोज न चुकता तिचा एकच प्रश्न. "मधले थांबे म्हणजे?"

"वाटेत गाडी थांबते ना, माणसं चढतात, उतरतात, ते."

"मग आपली का नाही थांबत?"

"जलद आहे ना बाळा."

"आजोबांना घाई होती?"

"झोप आता."

आज सकाळी दोन्ही पत्रं एकाखाली एक दिसली तेव्हा तिचं लक्ष पहिल्यांदाच त्यांच्या शेजारच्या आकड्यांकडं गेलं. छोटं एवढंसं, चिमूटभर. आणि जाडं त्याच्या पन्नास-साठपट. काम तिचं हेच होतं. कुठल्या पत्राच्या पोटात काय असेल, हे ती नुसत्या आकड्यावरून सांगायची. फोटो बारीक करता येतो, आवाजही दाबून लहान करता येतो, पण बाबांना तसलं काही करता येत नव्हतं. बाबांना एकच येत होतं. थोडक्यात म्हटलं की ते बोलणंच कमी करायचे.

मधले थांबे वरच राहिले होते.

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि 'उतरवा' दाबलं. पडद्यावर एक रिकामी पट्टी उमटली आणि तिच्या डाव्या टोकाला निळ्या रंगाची नखाएवढी चीर आली. ती चीर वाढत होती की नाही, हे एकटक बघून कळत नव्हतं. म्हणून ती उठली, पडलेला चमचा उचलला, पुसला, परत येऊन पाहिलं. बोटभर झाली होती. दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या. परत पाहिलं. जरा पुढं. भिंगरीच्या कपाळाला उलटा हात लावला, गार. पट्टी अर्ध्याच्या पलीकडं. दूध उतू जाईल म्हणून राखण करावी, तशी ती त्या पट्टीची राखण करत होती, फक्त इथं उतू जायला हवं होतं.

पट्टीचा अगदी शेवटचा तुकडा उरला होता आणि फोन वाजला.

सवयीच्या हाताला कोण शिकवणार? पडद्यावर बाबांचा फोटो दिसला आणि अंगठा आपोआप हिरव्या खुणेवर गेला. भिंगरी उठायच्या वेळेला बाबा रोज व्हिडिओ कॉल करायचे आणि ती रोज उचलायची. उचलल्यावर तिला कळलं की आपण काय केलं. लॅपटॉपवरची निळी पट्टी थांबली, थरथरली आणि पुसून गेली.

फोनमध्ये बाबा होते. मानेभोवती सुती रुमाल, त्यातून दिसणारी ती छोटी नळी, आणि वर तेच डोळे. त्यांनी दोन्ही तळवे जोडून गालाखाली ठेवले आणि भुवया उंचावल्या. झोपलीय?

"झोपलीय," ती कुजबुजली.

त्यांनी हाताचा उलटा पंजा कपाळाला लावला.

"नाही, ताप नाही आता. उतरला."

बाबांनी बोटानं टेबलावर एकदा टक् केलं. एक टक् म्हणजे हो, बरं, कळलं. दोन टक् म्हणजे नाही. ऑपरेशननंतर त्या घरातलं बहुतेक सगळं बोलणं या दोन आवाजांत आणि मोबाइलवरच्या दोन-दोन अक्षरांत आटपत असे. 'जेवलो.' 'बरं.' 'ठीक.' लिहायला त्यांना येत होतं, हवं तेवढं लिहिता आलं असतं. पण ते आता सगळंच थोडक्यात करत.

सांगावं का? तिच्या ओठांवर आलं होतं. बाबा, तुमचं ते मोठं पत्र अजून आहे. मी उतरवतेय. पण नाहीच उतरलं तर? ते पत्र मशीननं तेव्हाच फेकून दिलं, असं समजून त्यांनी त्याचं दुःख एकदा करून टाकलं असेल. पुन्हा कशाला करायला लावायचं?

"मी लावते हं जरा वेळानं," ती एवढंच म्हणाली. "ती उठली की."

टक्.

फोन ठेवल्यावर तिनं पुन्हा 'उतरवा' दाबलं. पुन्हा रिकामी पट्टी, पुन्हा नखाएवढी चीर. खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरून फरशीला लागलं होतं. ऑफिस सुटायला आता फार वेळ नव्हता. ही शेवटची खेप.

बाबा पुन्हा फोन करणार, हे तिला ठाऊक होतं. नात तापातून उठतेय म्हटल्यावर ते नातीचं तोंड बघितल्याशिवाय राहणारच नाहीत. लिहून कळवावं म्हणून तिनं फोन हातात घेतला आणि टाइप केलं, 'बाबा, आत्ता फोन करू नका.' वाचून बघितलं. फारच तुटक वाटलं. मग पुढं जोडलं, 'कृपया थोडा वेळ.' पुन्हा वाचलं आणि तिचा अंगठा जागीच थांबला. हे तर तेच होतं. टपाल विभाग. शेवटी 'आपली आभारी' तेवढं लिहायचं राहिलं होतं.

एकेक अक्षर करत तिनं ते सगळं पुसलं.

मग लॅपटॉपसमोर बसून राहिली. फोन समोर, अंगठा लाल खुणेच्या वर अधांतरी. पट्टी बोटभर झाली. दोन बोटं झाली. बाहेर कुणीतरी सायकल लावली, कुलूप खटकलं, पावलं जिना चढून गेली. आतून भिंगरीचा खोकला आला. एकच. "नको, नको, अजून नको," ती पुटपुटली, पण कुणाला ते तिलाही कळलं नाही.

अर्ध्याच्या पुढं गेली पट्टी आणि फोन उजळला.

वाजायच्याही आधी बाबांचा चेहरा आला. तिनंच काढलेला फोटो, काचेच्या खोलीतला, निवृत्तीच्या दिवशीचा. माइकसमोर बसलेले, तोंड उघडं, काहीतरी सांगत असलेले. पहिली रिंग पुरती वाजायच्या आत तिनं कापला.

पट्टी थांबली. मग पट्टीनं धाप टाकल्यासारखं केलं आणि ती पुढं सरकली.

बाबांचा फोन तिनं आजवर कधी कापला नव्हता. बाबा फोन लावून बोलत थोडेच होते? नुसते बघायचे. बघायला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावल्यासारखं झालं. आता ते काय करत असतील? फोन हातात धरून बसले असतील. काही बिघडलंय का, ताप पुन्हा चढला का, विचार करत असतील. पुन्हा लावू की नको, म्हणत असतील.

पुन्हा लावला त्यांनी. पुन्हा तो उघड्या तोंडाचा चेहरा. तिनं पुन्हा कापला. या वेळी डोळे मिटून.

तिसऱ्यांदा फोन आला नाही. थोड्या वेळानं एक संदेश आला, दोनच अक्षरं.

'बरं.'

ती त्या दोन अक्षरांकडं बघत राहिली आणि पट्टीकडं बघायचं विसरली. भान आलं तेव्हा पट्टी तिथं नव्हती. पण पट्टीच्या जागी एक ओळ आली होती. 'एक संदेश पूर्ण उतरवला.'

ती उठून पाणी प्यायली. पेला ठेवताना घाईत तो भांड्यांवर आपटला. टण्ण!

"आईऽऽ!"

भिंगरी दारात उभी होती. केस एका बाजूला चपटे, गालावर उशीची घडी, हातात ओढत आणलेली चादर. "आजोबांचा फोन आला?"

"आला होता. आपण लावू आता. पण आधी एक गंमत ऐकायची?"

लेकीला मांडीवर घेऊन तिनं तो जोडलेला आवाज उघडला. आधी नुसती खरखर. मग खुर्ची सरकल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा. आणि मग एकदम, अगदी जवळून, धुतलेल्या काचेसारखा:

"लक्ष द्या, लक्ष द्या! आजोबांच्या घराहून भिंगरीच्या झोपेकडे जाणारी साधी गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. ही गाडी सर्व थांबे घेईल."

भिंगरीनं मान वळवून आईकडं पाहिलं. डोळे हे एवढे मोठे. "सर्व!"

"पहिला थांबा, पाण्याची टाकी. या थांब्यावर तुझी आई एक चप्पल विसरून आली होती. एकच. दुसरी पायात होती आणि तरी घरी येईपर्यंत हिला पत्ता नाही. दुसरा थांबा, काचेची खोली. इथं तुझी आई झोपायची. तिची झोप मोडू नये म्हणून मी एका संध्याकाळी हळू आवाजात गाडी सांगितली. सात माणसांची गाडी चुकली. माझ्यावर तक्रार झाली. साहेबांनी विचारलं, कारण काय? मी म्हटलं, तांत्रिक अडचण."

भिंगरी खुदखुदली. मग मध्येच आवाज थांबला. खोकल्याची उबळ आली, लांबच लांब, पाण्याचा घोट ऐकू आला. "क्षमस्व," बाबा म्हणाले. "तांत्रिक अडचण. गाडी सुटत आहे. तिसरा थांबा, लोखंडी पूल. पुलावर गाडी हळू चालेल. तुझी आई पुलाला भ्यायची. डोळे घट्ट मिटायची, माझा हात धरायची आणि विचारत राहायची, संपला का? संपला का? पूल संपला तरी मी नाही म्हणायचो. थोडा वेळ. हात सोडला असता ना तिनं."

तिनं लेकीच्या केसांत तोंड लपवलं.

"आजोबांना ऐकवू या!" भिंगरीनं उडी मारली. "आई, फोन लाव. लाव ना!"

तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला, इतका पटकन की फोन त्यांच्या हातातच असणार. बाबा दिसले, कपाळावर आठ्या, भुवया वर.

"बाबा," ती म्हणाली, "मघाशी मी..." तिनं नुसता फोन लॅपटॉपकडं वळवला आणि आवाज मोठा केला.

गाडी शाळेच्या थांब्यावर आली. बाबांच्या आठ्या आधी आणखी गोळा झाल्या, मग हळूहळू सुटल्या. त्यांनी कान पुढं केला. गाडी उतारावर आली, मोठ्या झाडाशी आली. एकेका थांब्याला काही ना काही होतं, फुटलेली पाटी, हरवलेलं दप्तर, दोघांत खाल्लेला एक पेरू. आणि मग तिला दिसलं, रुमालाच्या वर बाबांचे ओठ हलत होते. आवाजाच्या बरोबर. एकही शब्द मागं नाही, पुढं नाही. इकडं आवाज, तिकडं ओठ. सगळं त्यांना पाठ होतं. छोटं करताना काय काय गाळलं, ते सगळं.

"शेवटचा थांबा," बाबांचा आवाज म्हणाला आणि बाबांचे ओठ म्हणाले, "भिंगरीची उशी. गाडी इथंच थांबेल. प्रवाशांनी आपापलं सामान तपासून घ्यावं. कुणाचं काही मागं राहिलं असल्यास काळजी करू नये. ते जपून ठेवलेलं आहे. सवडीनं येऊन घेऊन जावं. धन्यवाद."

खरखर. खुर्ची सरकली. संपलं.

फोनमध्ये बाबांचे ओठ मिटले. त्यांनी रुमाल नीट केला, उगीचच. मग टेबलावर बोट टेकवलं, पण टक् केलं नाही. नुसतं टेकवून ठेवलं.

भिंगरी एकदा फोनकडं बघत होती, एकदा लॅपटॉपकडं. मिटलेल्या ओठांकडं आणि आवाज आला त्या खोक्याकडं. तिच्या कपाळावर तिच्या आजोबांसारखीच आठी आली. मग तिला काहीतरी उमगलं असावं. आईच्या गळ्यात हात टाकून, कानाशी तोंड नेऊन, आजोबांना वाईट वाटू नये एवढ्या हळू आवाजात तिनं विचारलं,

"आई, आजोबांचा आवाज आपल्याकडं राहिलाय. ते तो न्यायला कधी येणार?"